पुढच्यास ठेच, मागचा शहाणा
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील पालक-मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



पालक-मंडळाच्या वतीने या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची संधी आम्हांस दिल्याबद्दल कार्यकारिणीचे मनःपूर्वक आभार मानतो. संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेवर दृष्टी टाकली असता शिष्यवृत्ती-वितरण, गुणवंतांचा सत्कार, वधूवर-सूचक शाखेचा अहवाल असे भारदस्त विषय दिसतात. त्यांच्या पंक्तीस आमचा विषय फारच घरगुती वाटेल. बाळ रात्रभर रडते, मुलगा पानातले टाकतो, मुलगी अभ्यासास बसत नाही, महिनाअखेर हाती काही उरत नाही, अशा गोष्टींविषयी आईबाप एकमेकांस जे विचारतात आणि सांगतात, त्या सल्ल्याच्या देवघेवीविषयी आम्ही बोलणार आहोत. ही देवघेव किरकोळ दिसते. परंतु कित्येकदा तिच्यावर लेकरांचे प्राण अवलंबून असतात. म्हणूनच तिचा विचार आपल्यासारख्या संस्थेने गांभीर्याने करावा, अशी आमची विनंती आहे.

आपल्याकडे ही देवघेव पूर्वी कशी चाले, हे येथील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. आडावर पाणी शेंदताना, वाड्याच्या ओट्यावर तांदूळ निवडताना, गिरगाव-परळच्या चाळींतील सामाईक गॅलरीत कपडे वाळत घालताना एक बाई दुसरीला विचारी आणि दुसरी तिसरीला. हळदीकुंकवास जमलेल्या बायकांत दहा मिनिटांत दहा घरांचा अनुभव गोळा होई. डिंकाच्या लाडवांत किती खोबरे, अळिवाची खीर केव्हा द्यावी, दात येताना मूल किरकिरले तर काय करावे, हे कोणत्याही पुस्तकात पाहावे लागत नसे. विरजण मागावयास गेलेली सून विरजणाबरोबर एखादी युक्तीही घेऊन येई. पुढे छापील साधने आली. १९३० साली 'स्त्री' मासिक निघाले आणि ओट्यावरील गोष्टी छापील पानावर आल्या. परंतु प्रश्न विचारणारीचा चेहरा पाहून उत्तर देण्याचे सामर्थ्य मात्र ओट्याकडेच राहिले.

आता ओटाही गेला आणि गॅलरीही गेली. आपली मुले डोंबिवली, कोथरूड, बंगळूर, तशीच परदेशातही सदनिकांत राहतात. नवराबायको दोघेही नोकरी करतात. दाराला कुलूप असते किंवा आतून कडी असते. बाळंतपणास आलेली आई दोन महिन्यांनी परत जाते, आणि मग मध्यरात्री दोन वाजता रडणारे तान्हे मांडीवर घेऊन बसलेल्या त्या पोरीला विचारावयास कोणी उरत नाही. मग मोबाइलवर कोणी तरी पुढे पाठविलेला निनावी मजकूर ती वाचते. तो कोणी लिहिला, कोणत्या मुलास उपयोगी पडला, हे तिला कळावयास मार्ग नसतो. सल्ल्यांचा आज दुष्काळ नाही, उलट सुकाळच आहे. परंतु सल्ला देणारे माणूस मात्र तिच्या डोळ्यांसमोर नाही. आपल्या ज्ञातिसंस्थेने जागा घ्यावयाची असेल तर ती नेमकी येथे घ्यावी.

मात्र जुन्या ओट्याची आठवण काढून उसासे टाकण्यासाठी आम्ही येथे उभे राहिलो नाही. त्या ओट्यावर जसे शहाणपण होते, तसे अज्ञानही होते, आणि दोन्ही एकाच प्रेमळ आवाजात सांगितले जात असे. ही गोष्ट नीट समजून घेण्याजोगी आहे.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आपणांस ठाऊक आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही, हे दुःख त्यांच्या मनात घर करून राहिले. १८८३ साली त्या अमेरिकेस निघाल्या आणि १८८६ साली पदवी घेऊन डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी निवडलेला विषयही प्रसूतिशास्त्राचाच होता. त्या काळच्या घरांत वडीलधाऱ्या बायका नव्हत्या असे नाही. मायाही होती, अनुभवही होता. ज्या ज्ञानाची त्या वेळी गरज होती ते मात्र त्या घरात नव्हते, आणि ते आणण्यासाठी एका कोवळ्या मुलीला समुद्र ओलांडावा लागला.

दुसरे उदाहरण मुंबईच्या गिरणगावाचे. गिरणीत कामास जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची 'बाळागोळी' देत असत. १९२० नंतरच्या सरकारी पाहणीतही याची नोंद झाली. ही गोळी एका आईने दुसरीला मायेपोटीच सांगितली होती. दिवसभर गिरणीत उभे राहावयाचे, मूल सांभाळावयास कोणी नाही, अशा वेळी मूल शांत निजेल असा उपाय तिने शोधला. तो उपाय विषारी होता, हे आज आपण जाणतो. त्या आयांना नावे ठेवणे सोपे आहे. परंतु त्यांना खरी उणीव पाळणाघराची होती, आणि पाळणाघराच्या जागी गोळी आली. सल्ला चुकीचा असतो तेव्हा पुष्कळदा त्याच्या मुळाशी एखादी खरी अडचण असते. ती अडचण न विचारता नुसता सल्ला खोडून काढला तर तो दुसऱ्या दाराने घरात परत येतो.

तिसरी गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. काही सल्ले आपल्या जागी बरोबर असतात. जागा बदलली की तेच घातक होतात. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून शेक-धुरी देण्याची चाल घ्या. कौलारू घरात फटींतून वारा खेळे, धूर निघून जाई. तीच शेगडी आजच्या बंद खिडक्यांच्या खोलीत ठेवली तर कोळशाचा वायू कोंडतो. त्या वायूला ना वास, ना रंग. आई आणि मूल दोघेही झोपेतच बेशुद्ध होऊ शकतात. न्हाणीघरातील गॅसच्या गीझरचीही तीच कथा आहे. खिडकी बंद करून दीर्घकाळ स्नान करणाऱ्यांचे प्राण त्यामुळे गेलेले आहेत. 'आमच्या आजीने आयुष्यभर शेगडी ठेवली, काही झाले नाही' हे म्हणणे खरे असेल. पण आजीचे छप्पर कौलांचे होते, एवढे सांगावयाचे राहून गेले. सल्ला देताना छप्परही सांगावे लागते.

बंधुभगिनींनो, आता या विषयाच्या गाभ्याकडे वळू. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' अशी आपल्यात म्हण आहे. म्हण सुंदर आहे. पण तिच्यात एक अट अध्याहृत आहे. पुढच्याने ठेच लागल्याचे सांगितले तरच मागचा शहाणा होणार! पुढचा जर वेदना गिळून, धोतराचा सोगा सावरून, जणू काही झालेच नाही अशा ऐटीत चालू लागला तर मागच्यालाही त्याच दगडाची ठेच लागावयाची. आपल्या घराघरांत आज हेच घडत आहे. आपण एकमेकांस यश सांगतो. 'आमच्या चिरंजीवांना अमुक चूर्ण दिले आणि आठ दिवसांत गुण आला.' गुण आला नाही, उलट पुरळ उठला, मूल दोन दिवस गुंगीत राहिले, अखेर दवाखाना गाठावा लागला, हे कोणी सांगत नाही. लोक काय म्हणतील, सासूबाईंस काय वाटेल, मुलीच्या लग्नाच्या वेळी कोणी हे उकरून काढील काय, अशा नाना शंका मनात येतात. परिणाम असा होतो की दहा घरांत फसलेला उपाय अकराव्या घरी रामबाण म्हणून पोहोचतो.

जेथे ठेचही मोकळेपणाने सांगितली गेली तेथे काय घडले, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने ग्रामीण आरोग्याचे कार्य आरंभिले. त्यांनी गावोगावच्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांत कित्येक निरक्षर होत्या आणि अनेक जणी, ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते, अशा घरांतील होत्या. या बायका वरचेवर जामखेडास जमत, आपल्या गावात काय घडले ते एकमेकींस सांगत, अडले तेथे डॉक्टरांस विचारीत, आणि शिकलेले परत गावात नेत. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ओट्यावरचीच ही देवघेव होती. फरक इतकाच की तिला नियमितपणा आला, फसलेल्या गोष्टीही मोकळेपणाने सांगता आल्या, आणि जाणत्याची नजर तिच्यावरून फिरत राहिली.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हेच सूत्र नवजात बालकांसाठी चालविले. त्यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील बायकांस घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. ज्यांना फार पुढपर्यंत मोजता येत नसे, अशा दाईंनाही बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी मण्यांचे साधे साधन तयार केले. १९९९ साली या कामाचा अहवाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे त्यात दिसून आले. न शिकलेल्या बायकांच्या हाती खरी माहिती पडली तर केवढे कार्य होते, याला याहून मोठा पुरावा कोणता हवा? आपल्या ज्ञातीतील स्त्रिया तर बहुतेक सर्व शिकलेल्या आहेत. मग आपल्या हातून किती व्हावयास हवे, याचा विचार प्रत्येकाने करावा.

येथे घरोघरी कामास येणाऱ्या काही गोष्टी आम्ही मुद्दाम तपशिलाने सांगतो. त्या आमच्या पदरच्या नाहीत. वैद्यकशास्त्राने तपासून मान्य केलेल्या आहेत.

पहिली गोष्ट जुलाबाची. मुलास जुलाब झाले की पाणी बंद करावे, उपाशी ठेवावे, असा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला आणि त्यापायी असंख्य मुले सुकून गेली. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ आणि ग्लुकोज घातलेले पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पेल्याने पाजावयास सांगितले. शंभरात सुमारे तीस मरत होते, तेथे हे प्रमाण चारांच्याही खाली आले. आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो ती हीच. औषधांच्या दुकानात मिळणारी पुडी सर्वांत उत्तम. पुडीवर लिहिले असेल तितक्याच पाण्यात ती घालावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ कधीही अधिक नको. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. मोठ्या मुलास पेज, मऊ भात द्यावा. जस्ताची गोळी डॉक्टरांस विचारून दोन आठवड्यांपर्यंत द्यावयाची असते, हेही पुष्कळांस ठाऊक नसते.

दुसरी गोष्ट तान्ह्याच्या आहाराची. बाळंतपणानंतर येणारा पिवळसर चीक 'जड' म्हणून पिळून टाकण्याची चाल कित्येक घरांत होती. तो टाकावयाचा नसतो. जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळास पाजावयाचा असतो. पहिले सहा महिने आईचे दूध एवढेच पुरे. उन्हाळ्यातही वरचे पाणी नको. वर्षाच्या आतील बाळास मधाचे बोट चाटवू नये, कारण त्यातील जंतूंच्या बीजांमुळे अशा बाळांस क्वचित प्राणघातक आजार होतो. गुटीच्या सहाणेवर जायफळाचे वेढे वाढले की बाळ गुंगते; ती शांत झोप नव्हे, हे ध्यानी असावे. बिब्ब्याचे तेल तान्ह्याच्या कातडीस लावल्यास ती भाजल्यासारखी होते. मराठी भाषेने 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार जपून ठेवला आहे, तो बाळाच्या अंगावर खरा करून दाखविण्याची गरज नाही!

तिसरी गोष्ट खोकल्याची. एका मुलाचे उरलेले औषध दुसऱ्यास पाजणे हा शेजारधर्म नव्हे. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधाने कित्येक लहान मुले दगावली. त्यांतील काहींना उपचारासाठी नागपुरास आणले होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने दोन वर्षांखालील मुलांस खोकल्याची व सर्दीची औषधे देऊच नयेत, असे डॉक्टरांसही बजावले. तापावरील निमेसुलाईड हे औषध बारा वर्षांखालील मुलांसाठी २०११ साली सरकारने बंद केले. जुन्या बाटल्या कपाटात जपून ठेवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

चौथी गोष्ट भाजण्याची आणि विषाची. हात भाजला की शाई, हळद, दंतमंजन यांपैकी काहीही लावू नये. नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली भाजलेला भाग वीस मिनिटे धरावा, बर्फ लावू नये. थंड पेयाच्या बाटलीत रॉकेल किंवा फिनेल भरून ठेवू नये. आणि मूल ते प्यालेच तर ओकारी काढण्याचा प्रयत्न न करता तत्काळ रुग्णालयात न्यावे. ओकारीबरोबर रॉकेल फुप्फुसात उतरते आणि धोका वाढतो.

आता प्रश्न असा की सल्ल्याची हद्द कोठे संपते? ही हद्द आम्ही स्पष्ट आखून देतो. दोन महिन्यांखालील बाळास ताप आला, त्याने दूध पिणे सोडले, मूल उठवूनही जागे होईना, झटके आले, डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, शौचातून रक्त पडले, तर शेजारणीस विचारीत बसू नये. शेजारणीने बरोबर यावे आणि दवाखाना गाठावा. मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटास साठ, वर्षाच्या आतील बाळाचे पन्नास, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा त्याहून अधिक श्वास भरले तर उशीर करू नये. अशा वेळी उत्तम सल्ला एकच: 'चल, मी रिक्षा बोलावते.'

एवढे झाल्यावर सल्ला देणाऱ्यांसाठी आणि घेणाऱ्यांसाठी काही मर्यादा सांगणे आम्हांस अवश्य वाटते.

देणाऱ्याने आधी विचारावे, मग सांगावे. मूल किती महिन्यांचे, आजवर काय केले, डॉक्टर काय म्हणाले, घरात मदतीस कोण आहे, हे न विचारता दिलेला सल्ला हा अंधारात मारलेला दगड होय. 'आमच्याकडे याने गुण आला' असे म्हणताना 'कितीदा केले, किती मुलांस केले, आणि कोणास गुण आला नाही' हेही सांगावे. एका मुलाचा आजार तिसऱ्या दिवशी आपोआप उतरणारच असेल, तर त्या दिवशी जे काही दिले त्याला श्रेय मिळते. म्हणून एका अनुभवास सिद्धान्त मानू नये. आणि माहीत नसेल तर 'ठाऊक नाही, विचारून सांगते' असे म्हणावयास लाजू नये. या चार शब्दांनी कोणाचाही वडीलपणा कमी होत नाही.

घेणाऱ्याने 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' ही म्हण ध्यानी ठेवावी. पण तिचा सोयीचा अर्थ करू नये. मनाचे करावयाचे म्हणजे लहरीप्रमाणे करावयाचे नव्हे. ऐकलेले पारखून, आपल्या मुलास व आपल्या घरास जुळते काय हे पाहून करावयाचे. आणि उपाय करून पाहिला तर सांगणाऱ्यास परत येऊन निकाल सांगावा, बरा असो वा वाईट. विरजण नेणारी कधी दुसऱ्या दिवशी ताकाचा तांब्या घेऊन येते ना? त्याचप्रमाणे ही परतफेड आहे.

सर्वांत नाजूक बाब म्हणजे सुनेचा मान. घरात नवे बाळ आले की भेटावयास येणारी प्रत्येक बाई एक सल्ला सोडून जाते, आणि त्यातील निम्मे सल्ले म्हणजे वेश पालटून आलेले ठपके असतात. 'बाळ बारीक दिसते गं, दूध पुरत नाही का?' या प्रश्नात चौकशी किती आणि शेरा किती? नवी आई आधीच जागरणांनी थकलेली असते. बाळंतपणानंतर कित्येक स्त्रियांचे मन खचते, विनाकारण रडू येते, बाळाकडेही पाहावेसे वाटत नाही. तो ऐदीपणा किंवा नखरा नव्हे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. दोन आठवडे उलटूनही अशी अवस्था राहिली, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार तिच्या बोलण्यात आले, तर तिला एकटी सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. अशा पोरीस सहावा सल्ला नको असतो. तिला पाहिजे असते ते हे की कोणी तरी म्हणावे, 'बाळास मी घेते, तू दोन तास नीज.' आमच्या मते तो सल्ल्याहून मोठा उपकार आहे.

पुरुषमंडळींस एक विनंती. या मेळाव्यास पालक-मेळावा म्हणतात, माता-मेळावा नव्हे. तरी मागच्या रांगेत बसलेले आमचे बंधू 'हा बायकांचा विषय' म्हणून घड्याळाकडे पाहत असतील, तर त्यांना आम्ही विचारतो: जलसंजीवनीचे मीठ मोजावयास पुरुषाचे हात चालत नाहीत काय? बाळाचे श्वास मोजण्यास एका मिनिटाची फुरसत नसते काय? बाप एकमेकांस गाड्यांचे आणि गुंतवणुकीचे सल्ले उत्साहाने देतात. मूल खोटे का बोलू लागले, परीक्षेत नापास झालेल्या मुलाशी त्या रात्री काय बोलावे, हेही त्यांनी एकमेकांस विचारावे. नापास झालेल्या मुलाच्या उशाशी बसलेला बाप त्याचा जीव वाचवितो, हे अतिशयोक्तीने बोललेले वाक्य नव्हे.

आणखी एक गोष्ट नम्रपणे मांडतो. आपली संस्था ज्ञातीची आहे. परंतु ज्ञानास ज्ञात नसते. बनगावच्या छावणीत सापडलेली विद्या आपल्या स्वयंपाकघरात आली, जामखेडच्या ज्या बायकांस समाजाने दूर ठेवले त्यांच्याकडून आपण आज शिकत आहोत. तेव्हा येथे जे कळेल ते या सभागृहाच्या दारात अडकून राहू नये. आपल्या घरी धुणीभांडी करावयास येणाऱ्या बाईच्या मुलासही जुलाब होतात. तिला जलसंजीवनीची पुडी द्यावी, कशी कालवावी ते दाखवावे, आणि त्या दिवसाची रजा पगार न कापता द्यावी. शेवटची गोष्ट केली नाही तर पहिल्या दोन गोष्टींचा उपयोग थोडाच. गिरणगावची बाळागोळी आपण विसरता कामा नये.

अखेरीस एक सूचना कार्यकारिणीपुढे ठेवून भाषण संपवितो. पालक-मंडळाने दर महिन्याच्या एका रविवारी सभा भरवावी आणि एक वही ठेवावी. वहीत चार रकाने असावेत: मुलाचे वय, अडचण, काय केले, आणि पुढे काय झाले. नाव-गाव लिहू नये, म्हणजे कोणाची भीड राहणार नाही. चौथा रकाना कधीही रिकामा ठेवू नये. ज्यास गुण आला नाही तेही तेथे आवर्जून लिहावे. आपल्या ज्ञातीत डॉक्टर मंडळी आहेत. त्यांनी वर्षातून दोनदा ही वही वाचून जेथे धोका असेल तेथे तांबड्या शाईने खूण करावी, आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्यातील निवडक नोंदी छापाव्यात. या कामास देणगी नको, इमारत नको. एक वही, एक दौत आणि खरे सांगण्याचे धैर्य एवढे पुरे आहे.

घरोघरीच्या ठेचा अशा एका वहीत उतरल्या तर आपल्या मागून येणारी मुले-सुना त्या दगडांना वळसा घालून चालतील. ही वही याच वर्षी सुरू व्हावी, अशी आमची विनंती आहे.